गार वारं
"आजोबा, वय किती? एकटेच राहता?" उष्माघाताचा धोका कुणाला, याची यादी करत आशा सेविका कुंदा मेश्राम भर दुपारी दसाराम आजोबांच्या ओसरीत टेकली होती.

"अठ्ठ्याहत्तर. एकटाच."

"किती गार वारं येतंय इथं!" ती हसली.

आजोबा बघतच राहिले. "वारं कुठलं, पोरी? झाडाचं पान हलून नाही राहिलं." त्यांनी तिचा हात धरला. तो तव्यासारखा तापला होता, घामाचा थेंबही नव्हता. त्यांनी तिच्या मांडीवरचा कागद पाहिला. शेवटच्या सहाही ओळींत एकच नाव होतं, कुंदा मेश्राम.

आजोबांनी शेजाऱ्यांना हाक मारली आणि माठ उचलून तिच्या डोक्यावर रिता केला.

पाणी अंगावरून ओघळलं तेव्हा कुठे तिचं हसू थांबलं. "आई गं," ती पुटपुटली, "किती ऊन आहे!"