परीक्षेच्या खुर्च्या

शेवटच्या खुर्चीच्या पायावरून दानिएल मास्तरांनी बोट फिरवले, तेव्हा सांधा बोटाला लागलासुद्धा नाही. समाधानाने त्यांनी खुर्ची उलटी केली आणि बैठकीखाली खडूने लिहिले : भैरू, कवठे येमाई.

भैरू शेजारीच सरस ढवळत उभा होता. इतकी सुबक खुर्ची आपण केली, हे त्याला तेव्हाच कळले.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या उत्साहात उघडलेल्या यवतच्या त्या सुतारशाळेत ही रीत मुरलेली होती. उमेदवारांनी तीन वर्षे शिकावे आणि परीक्षेचे काम मास्तरांनी करावे. यात कोणाला फसवण्याचा मास्तरांचा हेतू होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची लाकडावर माया होती, एवढेच. पोरे गावोगाव मिळतात, सागवान मिळत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. म्हणून ते उमेदवाराला आधी भुसा झाडायला लावीत, मग हत्यारे पुसायला, मग सरस शिजवायला. आणि पटाशी हाती येण्याची पाळी येईतो तीन वर्षे सरत. भैरूचा सरस मात्र नामी असे. ना गुठळी, ना करपट वास. तो शिजेपर्यंत मास्तर रंधा मारता मारता अखंड बोलत, आणि धनगराचे ते पोर निमूट ऐकत राही.

यंदा प्रश्न पोटाचा होता. एकही उमेदवार नापास झाला तर मास्तरांची जागा रद्द होईल, असे शाळा चालवणाऱ्या संस्थेने कळवले होते. जागेबरोबर शाळेच्या आवारातली खोलीही जाणार होती.

"त्या पोरांना एकदा तरी करवत धरू द्या की," मरियमबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

"आणि बिघडलेले सागवान कोण भरून देणार? तुझा भाऊ?" असे विचारून मास्तरांनी तो विषय मिटवला होता.

दुपारच्या एसटीने पुण्याचे परीक्षक उतरले. त्यांनी खुर्च्या हलवल्या, उलटवल्या, एकीवर बसूनही पाहिले. मग ते भैरूपुढे थांबले.

"ही तुझी?"

"व्हय, साहेब. नाव हाय की खाली."

"सांध्यात केसाएवढी फट नाही. कसे साधले?"

भैरूने घसा खाकरला, थेट मास्तरांसारखा.

"लाकडाशी घाई करू न्हाई, साहेब. वाळल्याबिगर त्याला हात लावू न्हाई. आन् सुतारानं रंधा पयला आपल्या रागावर मारावा, मंग फळीवर."

परीक्षक पाहतच राहिले. बाकीच्यांना त्यांनी काही विचारले नाही. सगळे पास झाले. मास्तरांनी मनोमन परमेश्वराचे आभार मानले. ते जरा घाईचे झाले.

"धन्य आहे तुमची, मास्तर," चहाचा घोट घेत परीक्षक म्हणाले. "ह्या पोराचा हात तुमच्याइतका आणि वाणीही तुमचीच. ही जागा त्यालाच द्या, असे मी संस्थेला सुचवतो. तरुण आहे, कमी पगारात राहील. तुम्ही आता विश्रांती घ्या."

मास्तरांनी तोंड उघडले. खरे सांगावे तर अब्रूही जाणार होती आणि नोकरीही. न सांगावे तर नुसती नोकरी. व्यवहार कळणाऱ्या माणसाने करावे तेच त्यांनी केले. तोंड मिटले.

यथावकाश शाल आली, नारळ आला. शिरूरला भावाकडे जायचे ठरवून मरियमबाई भांडी बांधीत होत्या, तेव्हा नवे मास्तर दारात येऊन उभे राहिले. वाकून त्यांनी जुन्या मास्तरांचे पाय धरले.

"मास्तर, शिरूरला जाऊ नगा. खोली तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी शाळंच्या कारखान्यात निजंन."

मास्तरांनी त्याला खांद्याला धरून उठवले. भुसा झाडून घेतला तो वाया गेला नाही, असे त्यांना वाटले.

"अरे, पण मी इथे राहून करू काय?"

भैरूने मागे वळून पाहिले, दार लोटले आणि आवाज उतरवला.

"पुढल्या परीक्षेच्या खुर्च्या, मास्तर. तुम्ही नुसता लाकडाला हात लावा. सरस मी शिजवून ठिवतो."