एकशे तीसच्या खाली

"तोंड उघडा," बायको म्हणाली.

टायपिस्टने दारातच आ वासला. पोलीस दारुड्याचा घेतात तसा तिने वास घेतला.

"शेंगदाणे," तिने निकाल दिला. "किती?"

"चार."

"खरं बोला."

"मूठभर. पण भाजलेले होते गं, तळलेले नव्हते."

"मग शेंगदाण्यात काय पाणी असतं? हात धुऊन पानावर बसा."

पानावर उकडलेला कोबी, मसूर, हातसडीच्या तांदळाचा भात आणि अर्धा पेरू होता. टायपिस्टने कोबीकडे पाहिलं. कोबीनेही त्याच्याकडे जवळपास त्याच नजरेने पाहिलं असावं.

या कैदेला सहा महिने झाले होते. टायपिस्ट एका दवाखान्यात रक्ताचे रिपोर्ट टाइप करायचा. सत्तावीस वर्षं लोकांच्या रक्तातली साखर आणि चरबी त्याने बोटांनी बडवली होती. एका संध्याकाळी त्याने खिशातून एक कागद काढून बायकोपुढे धरला. त्यावर त्याचं नाव होतं आणि वाईट चरबीच्या रकान्यात एकशे शहाऐंशी. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, की गोळ्यांआधी सहा महिने पथ्य करून बघू. तेल, तूप, लोणी, दूध, अंडी, मांस सगळं बंद. धान्य खायचं ते कोंड्यासकट. बाकी डाळी, भाज्या, फळं.

बायको पाच मिनिटं रडली. सहाव्या मिनिटाला तिने स्टूल घेतलं, कढई माळ्यावर टाकली आणि तेलाचा डबा शेजारणीला देऊन आली.

स्वतःच्या तब्येतीचं कोणी काही सांगितलं, तर ही बाई ऐकायची नाही. मागे डॉक्टरांनी तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या तिने गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. गुलाब मात्र तरारला. पण दुसऱ्याचं पथ्य म्हटलं की तिच्या अंगात यायचं. सासऱ्यांना तिने अकरा वर्षं मिठाशिवाय जगवलं होतं. शेवटी ते गेले ते जिन्यावरून पडून, आणि त्यातही मिठाचा हात नव्हता हे ती आवर्जून सांगायची.

"तू तरी नीट जेव," पहिल्या आठवड्यात टायपिस्ट म्हणाला होता. "स्वतःपुरतं काहीतरी तळून घे."

"तुम्ही समोर कोबी चघळणार आणि मी तळलेलं खाणार? राक्षसीण आहे का मी?"

घरात दोन स्वयंपाक होत नसत. त्यामुळे कैदी आणि जेलर एकच जेवण जेवत होते.

बाहेरही सुटका नव्हती. बेकरीवाल्याने त्याला बिस्किट द्यायला साफ नकार दिला. "वहिनींनी बजावलंय. तुम्हाला काही दिलं, तर माझ्याकडून कोंड्याचा पाव घेणं बंद." न्हावीसुद्धा दाढी करताना विचारायचा, "काका, मिशीला हे काय लागलंय?" अख्खी गल्ली पगाराविना पहाऱ्यावर होती.

बायकोला हे जेवण मानवलं होतं. मागच्या वर्षी ती जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबून उगाच भिंतीचा रंग बघायची. आता भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचायची आणि वरून ओरडायची, "येताय की तिथेच अंथरूण टाकू?"

"उद्या तपासणी आहे," तिने मसूर वाढले. "एकशे तीसच्या खाली आलात, तर कढई काढीन. बटाट्याच्या काचऱ्या तळीन, लाल होईपर्यंत."

टायपिस्टचा घास हातातच राहिला. "शब्द?"

"शब्द. एक आकडा जरी वर असला, तर आणखी सहा महिने. मी जगवणार म्हणजे जगवणार."

सकाळी दोघं दवाखान्यात गेली. सुई बघताच टायपिस्टने हात मागे घेतला. दर खेपेचाच हा तमाशा होता.

"आधी तू टोचून घे. मगच मी."

"रोज रक्तात काम करता आणि ही तऱ्हा!" बायकोने बाही वर केली. "माझं काय निघणार? मागच्या खेपेला ब्याण्णव होतं माझं. जरा शिका काहीतरी!"

आधी तिचं रक्त घेतलं, मग डोळे मिटलेल्या टायपिस्टचं. बायको घरी गेली. जाताना तिने बटाटे घेतले, हे त्याने खिडकीतून स्वतः पाहिलं.

दुपारी यंत्रातून आकडे आले. टायपिस्टने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एकशे अठ्ठावीस.

त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. काचऱ्या तेलात पडल्यावर होणारा आवाज थेट कानात आला. त्याने कागद चढवला, स्वतःचं नाव टाइप केलं आणि बराच वेळ बोटं हवेतच धरून बसला.

मग एक सुस्कारा सोडून त्याने एकशे एक्कावन्न टाइप केलं आणि कागद घेऊन तो डॉक्टरांकडे गेला.

"यंत्र एकशे अठ्ठावीस म्हणतंय," डॉक्टर म्हणाले. "कमाल केली पथ्याने. मग हे काय?"

"घरी न्यायचा कागद आहे, साहेब."

"आणि बटाटे? सकाळपासून तीनदा ऐकवलंत मला त्यांचं."

"कढई एकदा खाली आली, की परत माळ्यावर जायची नाही."

"म्हणजे आणखी सहा महिने कोबी?"

"मधूनमधून दुधीही असतो," टायपिस्ट पडेल आवाजात म्हणाला.

"यावर मी सही करणार नाही. याआधीही केली नव्हती."

"नका करू. घरी सही कोण बघतंय? आकडा बघतात."

डॉक्टरांनी मान हलवली. एकशे अठ्ठावीसच्या खऱ्या रिपोर्टवर त्यांनी सही केली, कपाट उघडलं, आणि नेहमीप्रमाणे तो टायपिस्टच्या बायकोच्या फाईलला लावला.