हाळीला ओ

धोंडाबाईनं लेकाच्या शर्टाची बाही धरली होती, ती विमानतळात शिरल्यापासून सोडली नव्हती. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातनं ती दिल्लीला निघाली होती, सुनेच्या बाळंतपणाला. विमानात बसायची ही पहिलीच खेप, आणि जीव नुसता घाबराघुबरा झाला होता. सिद्धनाथनं घरीच शब्द दिला होता, की दोघांच्या खुर्च्या सत्ताविसाव्या रांगेत शेजारी शेजारी आहेत आणि दिल्ली येईपर्यंत तो हात सोडणार नाही. त्या एका शब्दावर ती उंबऱ्याबाहेर पडली होती.

पण सिद्धनाथचं लक्ष ठिकाणावर होतं कुठं? दर आठवड्याला विमानानं फिरणारा माणूस तो. विमान कंपनीनं त्याला गोल्ड कार्ड दिलेलं. कार्डवाल्यांना आधी आत सोडतात म्हणे. आज बघावं तर कार्डवाल्यांचीच रांग मारुतीच्या शेपटासारखी, आणि बिनकार्डाची माणसं बाकांवर निवांत. सगळेच मानकरी झाल्यावर मान कसला डोंबलाचा! आजकाल कुणालाही कार्डं वाटतात, असं पुटपुटत सिद्धनाथ टाचा उंचावून पुढची डोकी बघत होता आणि घडोघडी मोबाईल काढत होता. विमानात पुढच्या बाजूला ऐसपैस खुर्च्या असतात, त्यांतली एक रिकामी होती. तिच्यासाठी चौघं टपून होते आणि याचा नंबर दुसरा होता. धोंडाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकाचा ताणलेला चेहरा बघून तिला वाटलं, सुनेचं काहीतरी वाईट कळलंय आणि हा लपवतोय.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं त्याचं नाव पुकारलं. गेला आणि नवा कागद घेऊन हसतच परत आला. त्याला पुढची खुर्ची मिळाली होती, दुसऱ्या रांगेतली.

"आन मी?" धोंडाबाईनं विचारलं.

"तू मागं. इमान एकच हाय, आये. दोन तास तर जायचंय."

एवढं बोलून त्यानं बाहीवरची तिची बोटं एकेक करून सोडवली. मग घाईघाईत समजावलं, की आधी आत गेलं नाही तर सामानाचे वरचे कप्पे भरून जातात. तिचं डिंकाच्या लाडवांचं बोचकं त्यानं स्वतःजवळ घेतलं आणि तिला बिनकार्डाच्या रांगेत एका बाईच्या मागं उभं केलं. मागं म्हणजे एसटीतल्यासारखं त्याच्या पाठीमागच्या बाकावर, असं धोंडाबाई समजली. म्हणून तिनं बाही पुन्हा धरली नाही.

तिची रांग हलली तोवर सिद्धनाथ कधीचाच दिसेनासा झाला होता. बसनं विमानापाशी सोडलं. तिथं एकासारखी एक तीन विमानं उभी होती. पुढच्या जिन्यावर कुणी नव्हतं आणि एक माणूस सगळ्यांना मागच्या जिन्याकडं पिटाळत होता. लेक यातल्या कुठल्या विमानात चढला, हे तिला कोण सांगणार? तशीच चढली.

आत कुणीतरी तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. पुढं नुसती डोकीच डोकी, आणि पार टोकाला एक पडदा ओढलेला. सिद्धनाथचं डोकं त्यात नव्हतं. दार धाडकन लागलं. हे इमानच दुसरं असलं तर?

मग तिनं जन्मभर जे केलं तेच केलं. शेरडं घेऊन नसरापूरला हमरस्ता ओलांडताना म्हादू, तिचा नवरा, पुढं असायचा आणि ती सगळ्यांच्या मागं. ट्रक सुसाट यायचे. शेवटचं शेरडू पार झालं की ती हाळी द्यायची आणि पुढून ओ यायची. ओ आल्याशिवाय मागच्यानं पाऊल उचलायचं नाही, पुढं काय झालं असेल सांगता येत नाही. लहानगा सिद्धनाथ बापाच्या खांद्यावर असायचा, आणि ओ बापाच्या आधी तोच द्यायचा.

धोंडाबाई उठून उभी राहिली. तोंडाशी हात धरला.

"सिद्धाऽऽ होऽऽ!"

या डोंगरावरनं त्या डोंगरावर पोचणारी हाळी ती. सगळ्यांची बोलणी जागच्या जागी थांबली. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, कुणी फिस्सकन हसलं. पडदा काही हलला नाही. हवाईसुंदरी धावत आली. तिनं हातातली यादी बघून आधी हिंदीत, मग मोडक्यातोडक्या मराठीत समजूत घातली, की मुलगा पुढं दुसऱ्या रांगेत आहे, अगदी सुखरूप आहे, आणि आजी बसल्या नाहीत तर विमान हलणार नाही.

"पुढं हाय म्हंतीस," धोंडाबाई म्हणाली, "मग त्यो ओ का देईना?"

पोरीनं धोंडाबाईला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पट्टा बांधला.

पडद्याआड सिद्धनाथ दोन्ही हात मांडीत दाबून बसला होता. हाळी त्याला पहिल्या अक्षरालाच कळली होती. कोण ओरडतंय हो, असं शेजारच्या साहेबानं विचारलं, तेव्हा त्यानं ठाऊक नाही म्हणून मान हलवली होती. विमान धावायला लागलं. कानठळ्या बसतील इतका आवाज झाला, आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येईना, तेव्हा कुठं त्यानं तोंड खिडकीकडं केलं आणि ओ दिली. मग पुन्हा एकदा दिली. साहेबालासुद्धा ऐकू गेली नाही.

सत्ताविसाव्या रांगेत धोंडाबाई पट्टा ताणून पुढं वाकली होती. विमान जमिनीवरनं सुटलं तरी तिचा कान पडद्याकडंच होता.