आईचं मागणं

वर कुणी ऐकत नाही, अशी फादरची पक्की खात्री झाली होती. इतकी वर्षं लोकांची लेकरं पुरली, मरणाऱ्यांच्या उशाशी गुडघे झिजवले, पण वरून हूं नाही की चूं नाही. मग कुणाच्या नावानं हा झगा घालून मिरवायचं? झगा उतरवायचा, हे ठरलं. आधी आईला सांगू म्हणून ते इस्पितळात आले.

"आई, थोडं बोलायचंय."

"तुझं नंतर. आधी माझं कन्फेशन ऐक, एका पापाची कबुली द्यायचीय."

"माझ्याकडे कशाला? दुसऱ्या फादरना बोलावतो."

"का? तू ऐकलंस तर देवाला पोचत नाही?"

फादर स्टुलावर बसले.

"तू घर सोडून फादर व्हायला गेलास ना, तेव्हापासून मी देवाकडे रोज एकच मागत आले. 'देवा, याचा तुझ्यावरचा विश्वास उडव, पण माझा मुलगा मला परत दे.' काल तू शेजारच्या खाटेवरच्या बाईला चमच्याचमच्यानं पाणी पाजत बसला होतास. ते बघितलं आणि माझीच मला लाज वाटली." आईनं डोळे पुसले. "नशीब, देवानं माझं ऐकलं नाही."

फादरच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हातारीचा शब्दन्‌शब्द वर ऐकला गेला होता.

त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला. क्षमेची प्रार्थना त्यांना झोपेतही पाठ होती. आज मात्र ती त्यांनी नव्यानं शिकल्यासारखी, एकेक शब्द जपून म्हटली. कुणीतरी ऐकत होतं.