किल्ला राहू दे

क्रूझवर खोल्या आवरणाऱ्या निनादला कित्येक महिन्यांनी किनाऱ्यावर उतरायला मिळालं. लिस्बनची चढण चढून तो चौकातल्या बाकावर बसला आणि देवगडला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"दाखव बघू जुनं शहर," आई म्हणाली.

त्याने निळ्या टाइल्सच्या भिंती दाखवल्या, पिवळी ट्राम दाखवली. मग त्याचा हात आपोआप खाली आला.

"दमलास?"

"नाही गं. वर किल्ला आहे, तोही दाखवतो."

"किल्ला राहू दे. जहाजावर कधी परतायचंय?"

"दोन तासांनी."

"मग झोप तिथंच. फोन चालू ठेव, मी उठवते."

त्याने बॅग छातीशी धरली आणि डोळे मिटले.

शेजारीण हाका मारत घरात आली, तेव्हा आईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "निनाद झोपलाय."