हळदीचा हंडा

मरताना बापू शेट्यांनी तालुक्याला समाजभवन दिलं आणि लग्नघरांसाठी तांब्याचा हंडा. एवढा मोठा, की आत म्हैस उभी केली तर नुसती शिंगं दिसावीत!

तो हंडा वाडीवरच्या धुळाप्पानं परत आणला, तेव्हा भवन सांभाळणाऱ्या केसरकाकू म्हणाल्या, "उद्या पोरीची हळद ना रे? का नवरी पळाली?"

"काल साप चावला तिला. तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी यातच तापवलं, काकू. दुसरं मोठं भांडं नव्हतं. आता लग्नघरं याला शिवायची नाहीत. बापूंचं दान बाटवलं मी."

हंडा रिकामा परत करायचा नाही, ही बापूंनी घालून दिलेली रीत. धुळाप्पानं मूठ उघडून आत तांदूळ सोडले. कुंकवानं लाल केलेल्या अक्षता होत्या त्या.

काकूंनी हंडा लग्नाच्या भांड्यांतच ठेवून घेतला.

"कुणी विचारलं तर?"

"सांगेन, पहाटे बापू स्वतः स्वर्गातून उतरले आणि चिंचेनं घासून गेले."

धुळाप्पाची पाठ वळताच काकूंनी चिंच भिजत घातली.