रस्त्याच्या पलीकडचं मत

"खाऊन बघा. हा तुमचा वॉर्ड आहे," म्हणत हेमचंद्रनं डबा पुढे केला.

मिसेस हॉजेसनी चष्मा नाकावर सरकवून आत पाहिलं. दिवाळीच्या शंकरपाळ्यांची पोळी वसुधानं लाटली होती, पण या वर्षी कातणं तिच्या नवऱ्याच्या, हेमचंद्रच्या हातात होतं. इंजिनिअरच तो! नकाशा समोर ठेवून त्यानं गावातल्या वॉर्डांचे आकार कापले होते. एकाला लांबलचक शेपूट, एकाला मध्येच बारीक कंबर. तळताना निम्मे मोडले होते.

"मोडणारच," हेमचंद्र म्हणाला. "कौन्सिलवाल्यांनी आपापल्या सोयीनं कापलेत. म्हणून मंगळवारी मतपत्रिकेवर प्रश्न येईल, तेव्हा 'होय' म्हणा. रेषा आखायचं काम साध्या नागरिकांच्या समितीकडे जाईल. आणि कुठलाही रस्ता मधोमध चिरायचा नाही, असा नियमच होईल."

"तुला एवढी कळकळ का रे?"

"तुमच्या शेजारी गुरुदत्त राहतो ना, त्याच्यासाठी. समोरासमोर घरं आमची, पण तो चार नंबर वॉर्डात आणि मी तीन नंबरात. तो निवडणुकीला उभा राहतो आणि मला त्यात मत नाही. जीव तुटतो हो!"

मिसेस हॉजेस हसल्या. गेल्या खेपेला गुरुदत्तविरुद्ध उभ्या राहून त्याच पडल्या होत्या, अगदी थोडक्यात. "म्हणजे तू अलीकडे आलास की मी आणखी एका मतानं पडणार?"

हेमचंद्रनं आणखी एक शंकरपाळं त्यांच्या हातावर ठेवलं आणि स्वच्छ कापलेल्या गवतावरून तो पुढच्या घराकडे निघाला.

अमेरिकेतल्या कोलंबसजवळच्या त्या गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि गुरुदत्त कौन्सिलवर गेलेला त्यांच्यातला पहिला. सगळ्यांना त्याचं कौतुक. हेमचंद्रचा तर तो कॉलेजपासूनचा मित्र. मित्रानं कौन्सिलवर काही केलं तरी हेमचंद्रनं कधी नाक मुरडलं नाही.

पुढच्या अंगणात फक्त गवत, भाजीपाला बंद, हा ठराव गुरुदत्तनंच आणला होता. गाव कसं टापटीप दिसायला हवं म्हणे! हेमचंद्रची मेथी नेमकी पुढच्या अंगणात. मागे झाडांची गर्द सावली, तिथे काही म्हणता काही उगवत नसे. दुसरा असता तर बोलणं टाकलं असतं. हेमचंद्रनं हसत हसत वाफा उपटला आणि अर्धी मेथी गुरुदत्तकडे पाठवून दिली.

"वहिनी, अशी मेथी अख्ख्या ओहायोत नाही!" गुरुदत्त मिटक्या मारत वसुधाला म्हणाला होता.

"नव्हतीच," हेमचंद्रनं दुजोरा दिला होता.

मतदानाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. हेमचंद्रनं रजा काढली आणि गाडीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रावर सोडत राहिला. बोटं बधिर झाली, नाक लाल झालं, पण स्वारी खुशीत होती.

"अरे, कॉफी तरी घे, यार!" गुरुदत्त म्हणाला. "कौन्सिलर मी, आणि धावपळ तुझी."

"तुझ्या नावाची मतपत्रिका एकदा माझ्या हातात पडू दे," हेमचंद्र म्हणाला, "मग निवांत बसतो."

गुरुदत्तनं मान वळवून डोळे पुसले. थंडीनं पाणी येतंय, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निकाल आला. 'होय'वाले जिंकले होते! गुरुदत्त गाऊन आणि सपाता अशा अवतारात रस्ता ओलांडून पळत आला. मागोमाग त्याची बायको कांचन, हातात रिकोटा चीजच्या पेढ्यांचं ताट.

"हेम्या, जिंकलो!" गुरुदत्तनं त्याला कडकडून मिठी मारली. "आता आपण एका वॉर्डात! पुढच्या वर्षी तुझं मत, अं?"

"पुढच्या वर्षी रांगेत पहिला मी," हेमचंद्र म्हणाला. खोटं नाही, अगदी मनापासून म्हणाला. दोघांनी एकमेकांना पेढे भरवले. हसून हसून वसुधाची पुरेवाट झाली.

पाहुणे गेल्यावर तिनं रिकामं ताट उचललं. "गुरुभाऊजी आता नक्की निवडून येणार," ती समाधानानं म्हणाली. "तुमच्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं."

हेमचंद्र खिडकीपाशी उभा होता. बाहेर अंगणभर सकाळचं ऊन पसरलं होतं. तो ते बराच वेळ डोळे भरून बघत राहिला. मग शीळ घालत भिंतीवरच्या फोनकडे गेला आणि नंबर फिरवला.

"मिसेस हॉजेस? अभिनंदन! पुढच्या वर्षी माझं मत तुम्हालाच. गुरूला तेवढं सांगू नका, त्याच्या प्रचाराच्या पाट्या मलाच ठोकायच्यात. फक्त निवडून आलात की पहिल्या मीटिंगला तो गवताचा ठराव रद्द करा. मेथी पेरायची आहे."